चार बोटांचं माप

आंधळगावात कोशाचं रेशमी कापड विणणारे माग आता मोजकेच उरलेत, त्यातला एक नंदलालचा. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून लोक भलतंच बोलतील. दारूला शिवत नाही, बायकोवर हात उचलत नाही, सुपारी-तंबाखूचा खर्रा तेवढा दिवसाला दोन पुड्या. पण एक खोड त्याला जन्माची आहे. आपलं माप चुकत नाही, असं तो स्वतः मानतो आणि दुसऱ्यालाही मानायला लावतो. घरात टेप आहे, पण ती दुर्गाबाईच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, शिलाई मशीनच्या खणात. नंदलाल मोजतो तो आपल्या हातानं. त्याची वीत बरोबर नऊ इंचांची, ना कमी ना जास्त, आणि हे त्यानं चहाच्या टपरीवर पैज लावून चारदा सिद्ध केलंय. लुगड्याचा पदर असो, खिडकीची चौकट असो, कोणाच्या तिरडीचे बांबू असोत, गाव म्हणायचं, नंदलालला बोलवा. तो जायचा, वीत टाकायचा, आकडा सांगायचा, आणि मागून कोणी टेप लावून पाहिली तर त्याला राग यायचा.

त्याला एकच पोरगी, रेणू. दहावीला. मोहाडीच्या शाळेत जायची ती सरकारी योजनेत मिळालेल्या सायकलवर. पुढे जाळीची टोपली, मागे कॅरिअर, आणि उतारावरसुद्धा पायडल मारल्याशिवाय न हलणारं ते धूड. त्याच्यावर बसून ही पोरगी रोज अशी जायची की मागचा काळीपिवळी जीपवाला हॉर्न वाजवून थकायचा, पण ही काही बाजूला होत नव्हती. शाळेत खेळ शिकवणाऱ्या भावना मॅडमनी एक दिवस आपली स्कूटी तिच्या मागे लावली आणि वेगाच्या काट्याकडे पाहतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला न विचारताच तिचं नाव जिल्ह्याच्या सायकल स्पर्धेत टाकून दिलं. रेणूनं टोपली काढली, चेनला तेल घातलं, तिथं गेली आणि पहिली आली.

मग मॅडम घरी आल्या. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं. आता विभागाची स्पर्धा, सव्वा महिन्यानं. तिथल्या पहिल्या तीन पोरी राज्याला जातात. राज्याला खेळल्याचा कागद हातात आला की दहावीला मार्क वाढतात आणि पुढे भरतीतही तो कामी येतो. पण विभागाला हे लोखंड घेऊन जायचं म्हणजे खाचराचे बैल शंकरपटाच्या शर्यतीत उतरवणं. रेसची सायकल लागेल, बारीक चाकांची, खाली वळलेल्या हँडलची, एका हातानं उचलता येईल अशी. नवी परवडणार नाही, पण जुनी चांगली मिळते. रेणू दाराची चौकट धरून उभी होती. ती बापाच्या तोंडाकडे पाहत होती.

नंदलालनं जुनी मोटरसायकल घ्यायला अठरा हजार बाजूला ठेवले होते. तीन वर्षं चाललं होतं ते. त्यानं मॅडमसमोर एका वाक्यात सांगून टाकलं, की गाडीचं राहू द्या, पोरीची सायकल घेऊ. आता याला मोठं मन लागतं, उगाच नाही म्हणवत नाही. गावभर झालं, पोरीसाठी बापानं गाडी सोडली, बाप असावा तर असा. टपरीवर त्याच्याकडून कोणी चहाचे पैसे घेईना. आणि या कौतुकानं आमचा नंदलाल असा फुगला की पुढचे पंधरा दिवस त्याचे पाय जमिनीला लागले नाहीत.

सायकल शोधायला तो एकटाच भंडाऱ्याला गेला. पहिल्या दुकानात त्याला जाड टायरची, गेअरवाली, दिसायला फटफटीसारखी सायकल दाखवली. दुकानदार म्हणाला, आजकाल पोरं हीच नेतात. नंदलालनं ती उचलून पाहिली आणि खाली ठेवली. सरकारी सायकलपेक्षाही जड होती. इथं तो फसला नाही, हे त्याच्या नावावर मांडलं पाहिजे. मग तो मॅडमनी सांगितलेल्या पत्त्यावर गेला. तिथं योगेंद्र नावाचा माणूस एका खोलीत सायकली दुरुस्त करायचा. तो स्वतः एकेकाळी रेस खेळलेला, आता नागपूर-पुण्याकडून जुन्या रेसच्या सायकली आणून, ठीकठाक करून विकायचा.

योगेंद्रच्या भिंतीला दोन सायकली टांगल्या होत्या. एक लहान, निळी, दांड्यावरचा रंग उडालेला, पंधरा हजाराची. दुसरी मोठी, लाल, आरशासारखी चकचकीत, अठराची. गेअर, चाकं दोन्हींची सारखी. योगेंद्रनं आधीच सांगितलं, की काका, रंगावर जाऊ नका, सायकल चपलेसारखी असते, पायात घालून पाहावी लागते. पोरीला घेऊन या, मी बसवून बघतो, गुडघा कुठं येतो, हात कुठं पोचतात ते पाहतो, मग सांगतो कोणती घ्यायची.

आता नंदलालच्या डोळ्यांसमोर काय आलं? चार पोरं पाने-पकडी घेऊन बसलेली, आणि त्यांच्यासमोर आपली वयात आलेली पोरगी त्या उंच सीटवर, आणि हा परका माणूस तिचे पाय न्याहाळतोय. त्याचे कान तापले. त्यानं ठोकून दिलं, की तिची परीक्षा आहे, ती येऊ शकत नाही. योगेंद्र समजूतदार होता. तो म्हणाला, बरं, मग घरूनच माप आणा. अनवाणी भिंतीला टेकून उभं करायचं, आणि पायाची आतली लांबी घ्यायची, जांघेपासून टाचेपर्यंत. काकूंना सांगा, त्या घेतील. तेवढ्या एका आकड्यावर सगळं ठरतं.

घरी येऊन नंदलालनं दुर्गाबाईला एक वाक्य सांगायचं होतं. एवढंसं काम. पण पोरीबद्दल असा शब्द बायकोपुढे तरी कसा काढायचा? त्या घरात असलं काही बोलत नाहीत, कधी बोललेच नव्हते. आणि खरं सांगायचं तर आत दुसरंही होतं. दुर्गाबाईनं मशीनच्या खणातली टेप काढायची, माप घ्यायचं, आणि नंदलालनं ते चिठ्ठीवर लिहून भंडाऱ्याला पोचवायचं? मापात त्याला कोणी कधी हमाल केलं नव्हतं.

अंगणात दोरीवर रेणूची शाळेची खेळाची पँट वाळत होती, निळी, बाजूला पांढरी पट्टी. घरात कोणी नाही असं पाहून नंदलालनं आतल्या शिवणीवर वीत टाकली. तीन वीत आणि चार बोटं. म्हणजे तीस इंच. त्यानं पुन्हा मोजली, पुन्हा तेवढीच. तो खूश झाला. पोरीची मर्यादाही राहिली आणि मापही मिळालं.

आता खेळाची पँट घरोघर कशी घेतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आठवीत घेतलेली दहावीपर्यंत चालली पाहिजे, म्हणून वाढत्या अंगाची घेतात. दुर्गाबाईनंही तशीच घेतली होती. खाली रबर असतो, तो घोट्याला धरून ठेवतो, आणि जास्तीचं कापड त्याच्यावर गोळा होऊन बसतं. अंगावर असताना लक्षात येत नाही, दोरीवर टाकली की सगळी लांबी खाली उतरते. ज्याचा उभा जन्म कापडात गेला, ज्याला आंधळ्यासारखा नुसता हात फिरवून धाग्यातली भेसळ कळते, त्या माणसाला हे सुचू नये? पण नाही सुचलं. आकडा मिळाला होता, आणि त्याचा आकडा कधी चुकत नव्हता.

योगेंद्रनं आकडा ऐकून भुवया वर केल्या.

“तीस? दहावीतली पोरगी नं काका? उंच हाये का?”

“उंच हाये,” नंदलाल म्हणाला.

रेणू त्याच्या खांद्यालाही लागत नव्हती. पण तीस इंचाच्या पायांची पोरगी उंचच असणार, तेव्हा ती त्याला त्या घडीला खरंच उंच वाटली असेल. योगेंद्रनं लाल सायकल खाली काढली. तरी त्याला कुठंतरी खटकत होतं, म्हणून त्यानं आपण होऊन सांगितलं, की आठ दिवस वापरून पाहा, टाच टेकत नसेल तर परत आणा, निळी देतो आणि वरचे तीन हजार वापस करतो. आठ दिवस निळी कोणाला विकणार नाही. असा दुकानदार दिवा घेऊन शोधला तरी मिळत नाही.

काळीपिवळीच्या टपावर सायकल बांधून, खिडकीतून हात काढून तिचं चाक धरत नंदलाल गावात आला. दुर्गाबाईनं हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. टपरीवर बसलेली सगळी माणसं उठून सायकल बघायला आली. तिथं नंदलालनं सगळी हकीकत सांगितली, दुकानदार पोरीला आणा म्हणत होता, मग आठ दिवसांत बदलून देतो म्हणाला, आणि आपण पोरीला हाकसुद्धा न मारता, तिला कळूही न देता कसं बरोबर माप काढलं ते. कसं काढलं ते मात्र सांगितलं नाही. टपरीवाला तेजराम म्हणजे जिभेला हाड नसलेला माणूस, तोही म्हणाला, “मानलं गा नंदलाल तुले.”

रेणू शाळेतून आली आणि सायकल बघून जागीच थांबली. तिनं हँडलवरून हात फिरवला, गेअरची काडी हळूच हलवून पाहिली. मग दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहिली. टाचा जमिनीला टेकल्या नाहीत. ती चवड्यांवर उभी होती आणि दांडा खालून रुतत होता. तिनं टाचा आणखी उचलल्या आणि हसत राहिली. नंदलालनं सीट पार खाली बसवली. मग ती तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन आली, आणि सरळ रस्त्यावर ती सायकल अशी पळाली की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. थांबताना तिनं विजेचा खांब धरला आणि एका अंगानं खाली उडी मारली.

“कशी हाये?” नंदलालनं विचारलं.

“मस्त हाये बाबा.”

दुसरं काय म्हणणार होती ती? बापानं गाडी सोडली होती, गाव उभं राहून पाहत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रेणू ओट्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. अंगात तीच निळी पँट. नंदलाल दात घासत उभा होता, आणि त्याची नजर तिच्या घोट्यावर गेली. कापड गोळा होऊन बसलं होतं, वळकटीसारखं. त्याला मोजावं लागलं नाही. चार बोटं होती ती. त्याच्या तोंडातला फेस तसाच राहिला. त्या दिवशी मागावर बसून त्यानं दोनदा धागा तोडला, आणि दुर्गाबाईनं काय झालं विचारलं तर तिच्यावरच खेकसला.

जेवताना दुर्गाबाईनंच विषय काढला. पोरीचे मनगट बधिर होतात, हँडल लांब पडते, खांदे भरून येतात, मी रोज तेल लावून देऊन राहिली. तिनं बजावलं होतं, बाबाले सांगू नको. पण मी सांगून राहिली.

“वापस करून या,” ती म्हणाली. “पाच दिवस हायेत अजून.”

“वाढंल ते. वाढतं अंग हाये तिचं.”

“तीन वर्सं झाले तिले वयात येऊन. माह्यावर गेली ते. मी कोनती वाढली?”

नंदलाल म्हणाला, बायकांना यंत्रातलं काय कळते, सरावानं सगळं बसते. दुर्गाबाई उठून भांडी घासायला गेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. बापाला कळलं होतं, आईला कळलं होतं, पोरीला तर पहिल्याच मिनिटाला कळलं होतं, आणि त्या दोन खोल्यांच्या घरात तिघंही एकमेकांना सांभाळून चालत होते.

सातव्या दिवशी त्याचं मन त्याला खाऊ लागलं, हेही सांगितलं पाहिजे. रेणू जुन्या सायकलनं शाळेत गेल्यावर त्यानं लाल सायकल बाहेर काढली आणि ढकलत स्टँडकडे निघाला. भंडाऱ्याला जायचं, निळी घेऊन यायची, कोणी विचारलं तर काहीतरी सांगू. टपरीवर नेहमीचे चौघं बसले होते. तेजरामनं सहज चेष्टा केली, दुसरं काही नाही.

“काय गा, वापस चालवली का?”

चौघं हसले. नंदलालनंही हसून घेतलं.

“वापस कायले? हवा भराले चाललो.”

मग हवा भरायला जाणं आलंच. गावातल्या सायकल मार्टवाल्यानं पंप लावून पाहिला, पण त्या बारीक नळीला त्याचा पंप बसेना. हवा न भरताच नंदलाल सायकल घेऊन घरी आला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणाला आणि मागावर बसला. दहाव्या दिवशी योगेंद्रचा फोन आला, निळीला गिऱ्हाईक आलंय, तुमची ठीक बसली नं? नंदलालनं सांगितलं, एकदम बरोबर बसली.

राहिलेले दिवस रेणू पहाटे सराव करत होती. नंदलालनं महागाची सायकल शाळेत न्यायला मनाई केली होती, तेव्हा मॅडमनी ती पाहिली ती फक्त मोबाइलवरच्या फोटोत, आणि छान आहे म्हणाल्या. रेणूनं आपलं आपण तंत्र बसवलं. किलोमीटरच्या दगडावर पाय ठेवून चढायचं, आणि उतरायचं तेही दगड बघूनच. एकदा चढली की ती सुसाट जायची. फक्त हळू होऊन वळायचं म्हटलं की तिचा जीव वरखाली व्हायचा, कारण तोल गेला तर पाय टेकवायला खाली जमीन नव्हती.

स्पर्धा होती भंडाऱ्याच्या अलीकडे, एका नव्या, अजून रहदारी सुरू न झालेल्या रस्त्यावर. एकेका पोरीला पंचांनी सीट धरून मिनिटा-मिनिटाच्या अंतरानं सोडायचं. पाच किलोमीटर जायचं, रस्त्याच्या मध्ये ठेवलेल्या ड्रमला वळसा घालायचा आणि परत यायचं. घड्याळ सांगेल तो नंबर. बाहेरच्या कोणी स्पर्धकाला हात लावला तर ती बाद. मॅडम सुरुवातीच्या रेषेवर थांबल्या होत्या, पण त्या दुसऱ्या पोरींच्या कागदांत गुंतलेल्या. नंदलाल एका स्वयंसेवकाच्या मोटरसायकलवर मागे बसून ड्रमपाशी जाऊन उभा राहिला. तिथं दुसऱ्याही पोरींचे बाप होते. त्यांना त्यानं सांगितलं, की माझी येईल आता, लाल सायकल.

आणि आली. तिच्या आधी सोडलेल्या पोरीला मागे टाकून आली. ड्रमपाशी बसलेल्या माणसानं घड्याळ बघून बाजूच्याला म्हटलं, की ही पोरगी पहिलीच येते बहुतेक. नंदलालची छाती भरून आली. रेणूनं ब्रेक दाबला, वळायला घेतलं, रस्ता अरुंद होता, सायकल लांब. अर्ध्या वळणावर वेग पार मेला. तिनं डावा पाय खाली सोडला. तो पोचलाच नाही.

ती पडली ती दांड्यासकट, कुशीवर. लगेच उठली. गुडघा सोलला होता, तळहातातून रक्त येत होतं. तिनं सायकल उचलली, आणि मग ती चढायला काहीतरी शोधू लागली. दगड, कठडा, काहीही. नव्या रस्त्यावर काहीच नव्हतं. ती सायकल धरून पळत सुटली, पन्नास पावलं, साठ पावलं, तिथं मुरमाचा एक ढीग होता, त्याच्यावर पाय ठेवून चढली आणि गेली. नंदलाल तिथंच उभा होता. ओंजळ धरली असती तरी तिचा पाय टेकला असता, पण हात लावायची परवानगी नव्हती. बाजूचा एक बाप हळहळून म्हणाला, “सायकल मोठी हाये हो पोरीले.” नंदलालनं ऐकलंच नाही असं दाखवलं.

तो परत पोचेपर्यंत वेळा लागल्या होत्या. रेणू चौथी. तिसरीपेक्षा अकरा सेकंद मागे. ती एका ताडपत्रीवर बसली होती आणि मॅडम तिच्या गुडघ्याला औषध लावत होत्या. सायकल बाजूला पडली होती. औषध लावता लावता मॅडमची नजर सायकलीवर गेली, आणि त्यांनी तिला उठून दांडा मध्ये घेऊन उभं राहायला सांगितलं. रेणू उभी राहिली. टाचा अधांतरी.

“रेणू, ही तुझ्या मापाचीच नाही. दोन नंबर मोठी आहे. कोणी निवडली ही?”

नंदलाल चार हातांवर उभा होता. रेणूनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. एकदाच. मग खाली पाहून म्हणाली,

“मीच पसंत केली मॅडम. बाबा तं लहान घे म्हणून राहिले होते. मले लालच पाहिजे होती.”

मग मॅडमचा ताबा सुटला, आणि त्यांचं चुकलं तरी कसं म्हणायचं? महिनाभर त्यांचाही जीव टांगणीला होता. त्या ताडताड बोलल्या, की रंगासाठी? बापानं स्वतःची गाडी सोडली आणि तू रंग पाहिलास? हातातला नंबर घालवलास, कागद घालवलास, सगळं एका रंगापायी. बापाचं ऐकायला काय झालं होतं तुला? आजूबाजूच्या पोरी, त्यांचे आईबाप सगळे बघत होते. रेणू मान खाली घालून ऐकत राहिली, आणि रक्त पुसायला दिलेला कापूस हातात दाबत राहिली.

नंदलालनं फक्त एवढंच म्हणायचं होतं, मॅडम, माप मी घेतलं. तीन-चार शब्द. तोंड उघडलंही होतं त्यानं. पण त्याला लाज वाटली, मनस्वी लाज वाटली, आणि त्याचबरोबर आतून सुटल्यासारखंही वाटलं. हे दुसरं त्यानं आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तो वाकला आणि रेणूची पाण्याची बाटली उचलून तिच्या पिशवीत ठेवू लागला.

परतीच्या वाटेत काळीपिवळीत दोघं शेजारी बसले होते. वरठी गेलं, मोहाडी गेलं. त्यानं चारदा मनाशी जुळवाजुळव केली, आता बोलू, उतरल्यावर बोलू, घरी गेल्यावर आईसमोर बोलू. शेवटी तोंडातून आलं ते एवढंच, दुखते का? ती म्हणाली, नाही.

गावात उतरले तर टपरीवर सगळे वाटच पाहत होते. टपावरून सायकल काढून रेणू ती धरून उभी राहिली. तेजराम हातातला गाळणीचा फडका तसाच घेऊन पुढे आला. नंदलालनं सांगितलं, चौथी आली, अकरा सेकंदांनी गेलं. सगळे हळहळले. मग तेजरामनं विचारलं, एवढी भारी सायकल असून असं काहून झालं?

इथं देवानं त्याला दुसरी संधी दिली होती. मॅडम नव्हत्या, परकी माणसं नव्हती. आपलेच लोक, आपलंच गाव. फार तर चार दिवस हसले असते आणि विसरले असते. नंदलालनं घसा साफ केला.

“सायकल मोठी झाली तिले,” तो म्हणाला. “मी लहान घे म्हटलं होतं. पोट्टीनं ऐकलं नाही. लालच पाहिजे म्हणे.”

तेजरामनं च्यक् केलं आणि मायेनंच रेणूला म्हटलं, “बापाचं आयकत जाय वं बाई.”

रेणूनं बापाकडे पाहिलं. मघा मॅडमपुढे पाहिलं होतं तसं नव्हे. तिथं तिनं त्याला काही दिलं होतं, आणि ते त्यानं बाजारात नेऊन विकलं होतं. ती रागावली नाही, रडलीही नाही. “हो काका,” म्हणाली आणि सायकल ढकलत घराकडे चालू लागली.

त्यानंतर त्या घरात भांडण झालं नाही. दुर्गाबाईला सगळं कळलं होतं, कारण गावात ते फिरून तिच्यापर्यंत आलंच, पण ती नवऱ्याला एका शब्दानं बोलली नाही. लाल सायकल महिनाभर पडून राहिली आणि मग तुमसरच्या एका उंच पोराला बारा हजारांत गेली. मॅडमनी पुढच्या वर्षासाठी विचारलं तर रेणू म्हणाली, आता अभ्यास आहे. ती बापाशी बोलते. पाणी देते, जेवण वाढते, बाजारातून खर्रा आणायला सांगितला तर आणते. फक्त काही मागत नाही. वही नाही, चप्पल नाही, दहा रुपये नाहीत. जे लागेल ते आईला सांगते, आणि आई शिलाईच्या पैशांतून देते. नंदलाल कधी कधी स्वतःच विचारतो, काही पाहिजे का वं? ती म्हणते, नाही बाबा.

जूनमध्ये अकरावीचा फॉर्म आला. त्याच्यावर पालकाची सही लागत होती. रेणू फॉर्म घेऊन ओट्यावर आली तेव्हा नंदलाल समोरच बसला होता. त्यानं खिशातला पेन काढला, टोपण उघडलं आणि पुढे केला. रेणूनं पेन घेतला, त्याच्यासमोरून आत गेली आणि आईच्या हातात दिला. दुर्गाबाईला नाव लिहायला वेळ लागतो. रेणू तिच्याजवळ बसून एकेक अक्षर सांगत राहिली.